वर्ग आणि वाक्य : विवाद्य ऐतिहासिक व्यक्ती आणि कोशकाराची नैतिक जबाबदारी

१

कोशरचना ही माहितीची व्यवस्था लावण्याची क्रिया आहे आणि व्यवस्था ही मूलतः तांत्रिक बाब आहे, असा समज मराठी वाङ्मयव्यवहारात बराच रूढ आहे. नोंद कोणी लिहिली, कोणती साधने वापरली, निष्कर्ष कोणते काढले, यांची चर्चा होते. नोंद कोणत्या कप्प्यात ठेवली याची चर्चा क्वचितच होते. विकिपीडिया या स्वयंसेवी ज्ञानकोशामुळे ही स्थिती पालटली आहे. इंग्रजीत २००१ मध्ये आणि मराठीत २००३ मध्ये सुरू झालेल्या या कोशात लेखाच्या तळाशी त्या विषयाचे 'वर्ग' नोंदवलेले असतात. लेखातील मजकुरावरून जेवढा वाद होतो तेवढाच, आणि काही वेळा त्याहून तीव्र वाद, दोनतीन शब्दांच्या या वर्गनामांवरून होतो. वाद घालणारी माणसे वेतन घेत नाहीत आणि बहुधा एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. त्यांच्या वादाकडे रिकामटेकड्यांचा हट्ट म्हणून पाहण्याची प्रवृत्ती विद्यापीठीय वर्तुळात आढळते. ती बरोबर नाही. इतिहासातील व्यक्तीविषयी न्याय्य बोलणे म्हणजे काय, हा जुना प्रश्नच या वादांतून नव्या रूपात पुढे येतो आहे.

मराठवाड्यातील एक उदाहरण घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल. कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा गृहस्थ. पुढे तो मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष आणि रझाकारांचा सर्वेसर्वा झाला. सप्टेंबर १९४८ मधील लष्करी कारवाईनंतर त्याला अटक झाली; १९५७ मध्ये सुटका झाल्यावर तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत मरण पावला. या माणसावरील नोंदीला कोणते वर्ग द्यावयाचे? 'लातूरमधील व्यक्ती', 'वकील', 'हैदराबाद संस्थानातील राजकारणी', 'रझाकार', 'दहशतवादी', 'पाकिस्तानी नागरिक' हे सर्व संभवतात. यांपैकी पहिला वर्ग तर सर्वांत निरुपद्रवी. परंतु लातूरच्या एखाद्या वाचकाला नेमका तोच सर्वांत असह्य वाटू शकतो. आपल्या गावाच्या यादीत हे नाव का, असा त्याचा प्रश्न असतो. हा प्रश्न माहितीचा नाही. रझवी लातूरला राहत होता हे त्या वाचकालाही मान्यच असते. यादीत असणे म्हणजे मान मिळणे, असे त्याला वाटते. आणि ही भावना सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

२

मराठीतील छापील कोशांपुढे हा प्रश्न एवढ्या तीव्रतेने उभा राहिला नव्हता. त्याचे श्रेय काही अंशी वर्णमालेला द्यावे लागते. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशात काय किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला आकारास आलेल्या मराठी विश्वकोशात काय, नोंदींचा क्रम अकारविल्हे असतो. वर्णमाला कोणाचा कैवार घेत नाही. अकारविल्हे लावलेल्या कोणत्याही कोशात 'रझवी', 'रझाकार' आणि 'रामानंद तीर्थ' या नोंदी एकमेकींपासून थोड्याच पृष्ठांच्या अंतरावर याव्यात. ज्यांनी एकमेकांविरुद्ध प्राणपणाने लढा दिला ते शेजारी येतात आणि त्या शेजारात कोणताही अभिप्राय नसतो. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी आपला चरित्रकोश प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असा विभागला. ही विभागणीही काळाची आहे, योग्यतेची नाही. शिवाय विश्वकोशातील नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. अभिप्राय आला तर तो कोणाचा, हे वाचकाला कळते.

केतकरांचे उदाहरण आणखी एका कारणाने अर्थपूर्ण आहे. ज्ञानकोशाच्या उद्योगाला लागण्यापूर्वी त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांना जन्मावरून कप्प्यांत ठेवणाऱ्या व्यवस्थेचा अभ्यासक पुढे मराठीचा आद्य ज्ञानकोशकार व्हावा, हा निव्वळ योगायोग मानला तरी त्यातून एक गोष्ट सुचते. वर्गीकरण म्हणजे काय आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचे भान मराठी समाजाला ग्रंथांतून शिकावे लागत नाही. 'जात' हा शब्दच त्याच्या रोजच्या बोलण्यात आहे.

विकिपीडियातील वर्ग हा अकारविल्हे क्रमाहून वेगळ्या जातकुळीचा असतो. वाक्याशी तुलना केली असता हे वेगळेपण स्पष्ट होते. वाक्याला क्रियापद असते, म्हणून काळ असतो. वाक्यात 'परंतु', 'जरी', 'काहींच्या मते' यांना जागा असते. वाक्यापाशी आधार देता येतो. वर्गाला यांपैकी काहीही नसते. तो एकटे नाम असतो. त्याला संदर्भाची टीप जोडता येत नाही आणि आक्षेप नोंदवता येत नाही. 'अमुक इतिहासकार त्याला अत्याचारी मानतात' हे वाक्य दोन माणसांविषयी काही सांगते : एक ज्याच्याविषयी बोलले जाते तो, दुसरा बोलणारा. 'अत्याचारी' हा वर्ग मात्र बोलणाऱ्याला पुसून टाकतो. जणू वस्तुस्थितीच बोलत आहे, असा आभास निर्माण होतो. वर्गाची नैतिक अडचण मुळात येथे आहे. तो अभिप्राय असतो आणि अभिप्रायाचा धनी दिसत नाही.

३

या भेदाचे तात्त्विक रूप भारतीय परंपरेला अपरिचित नाही. न्याय-वैशेषिकांनी 'जाति' आणि 'उपाधि' असा भेद केला. अनेक व्यक्तींत एकत्वाने राहणारा वास्तव धर्म तो जाति; आपल्या सोयीने, काही संबंधांवरून बांधलेला सामान्यधर्म तो उपाधि. कोणताही सामान्यधर्म जाति म्हणून खपू नये, यासाठी उदयनाचार्यांनी जातिबाधके सांगितली. त्यांतील एक 'संकर' होय. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र असतील आणि काही ठिकाणी परस्परांना सोडून राहत असतील, तर त्यांना जाति मानता येत नाही. भूतत्व आणि मूर्तत्व हे त्याचे नेहमीचे उदाहरण : पृथ्वी, जल इत्यादींत दोन्ही आहेत, आकाशात फक्त पहिले, मनात फक्त दुसरे.

ही कसोटी माणसांच्या वर्गांना लावून पाहावी. 'मुसलमान' आणि 'विलीनीकरणवादी' हे दोन वर्ग घेऊ. हैदराबादेतील 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान दोन्ही वर्गांत येतात. संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. 'दलित नेते' आणि 'संस्थानाच्या स्वातंत्र्याचे समर्थक' हे दोन वर्ग घेतले तर श्यामसुंदर यांचे नाव पुढे येते. हैदराबादची बाजू मांडण्यासाठी १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या शिष्टमंडळात ते होते आणि त्यांनीच पुढे १९६८ मध्ये भीम सेना स्थापन केली. अशी नावे समोर आली की 'एका बाजूला हिंदू, दुसऱ्या बाजूला मुसलमान' ही मांडणी मोडते. माणसाचा प्रत्येक वर्ग दुसऱ्या वर्गाला छेदून जातो. म्हणून तो उपाधि असतो, जाति असू शकत नाही. वर्गावरून होणाऱ्या बहुतेक कडवट वादांचे मूळ उपाधीला जाति समजण्यात असते. रझवी 'लातूरमधील व्यक्ती' ठरला तर लातूरचे सत्त्व डागाळते, ही समजूत याच गोंधळातून येते.

नांदेडशी निगडित असलेले बंदा बहादूरचे चरित्र या गोंधळाचा दुसरा नमुना होय. गोदावरीकाठी राहणाऱ्या माधोदास नावाच्या बैराग्याची आणि गुरू गोविंदसिंगांची भेट १७०८ मध्ये नांदेडला झाली. त्यानंतर तो पंजाबात गेला, मोगल सत्तेशी लढला आणि १७१६ मध्ये दिल्लीत त्याचा वध झाला. त्याची स्मृती जपणारा बंदा घाट गुरुद्वारा आजही नांदेडला आहे. मराठी लेखनात त्याला 'बंदा बैरागी' म्हणण्याची सवय आहे. शीख परंपरेत तो बंदा सिंग बहादूर आहे. मोगल तवारिखांत तो बंडखोर आहे. त्याने विधिवत अमृत घेतले होते की नाही, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. 'बैरागी' म्हणताच त्याचे नांदेडनंतरचे आयुष्य झाकले जाते आणि 'शीख सेनापती' एवढेच म्हटले तर नांदेडपूर्वीचे. जन्मापासून मृत्यूपर्यंत माणूस एकच राहतो हे नोंदीचे गृहीतक असते. बंदाच्या बाबतीत जे सांगण्याजोगे आहे ते नेमके त्या बदलात आहे. बदल वाक्यात सांगता येतो. वर्गात तो सांगता येत नाही.

४

मग विवाद्य व्यक्तींना वर्ग देऊच नयेत काय? विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीतील संपादकांनी या प्रश्नावर जे धोरण हळूहळू घडवले त्याचा आशय असा : 'दहशतवादी' किंवा 'स्वातंत्र्ययोद्धा' यांसारखी मूल्यवाचक नामे शक्यतो टाळावीत; ती आलीच तर मजकुरात, म्हणणाऱ्याचा उल्लेख करून यावीत; वर्ग मात्र वादातीत आणि पडताळून पाहता येईल अशा गोष्टींपुरता राखावा. याचा अर्थ अभिप्राय वाक्याकडे सोपवावा आणि संबंध वर्गाकडे. जन्म, निवास, व्यवसाय, पद, संघटना हे संबंध आहेत. शौर्य, क्रौर्य, द्रोह हे अभिप्राय आहेत.

ही विभागणी तर्कदृष्ट्या स्वच्छ असली तरी व्यवहारात तितकीशी सोपी नाही. जानेवारी १९४८ मध्ये मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्यांनी नांदेड जिल्ह्यातील उमरीची बँक लुटून ती रक्कम लढ्यासाठी नेली. निजामाच्या कायद्याने तो दरोडा होता आणि मराठवाड्याच्या स्मृतीत ती पराक्रमाची गाथा आहे. त्यात भाग घेणाऱ्यांना 'स्वातंत्र्यसैनिक' म्हणण्यास येथे कोणी हरकत घेणार नाही. परंतु स्वतःच्या पक्षाच्या व्यक्तीला 'स्वातंत्र्यसैनिक' हे अभिप्रायात्मक नाम देऊन विरुद्ध पक्षाच्या व्यक्तीसाठी मात्र केवळ संबंधवाचक नामाचा आग्रह धरणे, किंवा याच्या उलट करणे, हा नियमाचा भंग होय. नियम आपल्यावरही लागू करावा लागतो, तेव्हाच तो नियम ठरतो. कारवाईच्या नावालाही हाच प्रश्न चिकटलेला आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत जे घडले त्याला शासकीय भाषेत 'पोलीस कारवाई', मराठवाड्यात 'मुक्ती' आणि काही लेखकांच्या भाषेत 'सामिलीकरण' म्हटले जाते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य असलेल्या नरहर कुरुंदकरांच्या यासंबंधीच्या पुस्तकाचे नाव 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' असे आहे. मुक्तिलढ्याचा उघड पुरस्कर्ता असलेल्या विचारवंताच्या पुस्तकाच्या शीर्षकातही दोन नामे यावीत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या तटस्थतेवर सर्वांत गंभीर आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो. ज्याच्या घरातील माणसे रझाकारांनी मारली, त्याला कोशाने 'वकील' आणि 'राजकारणी' हे शब्द ऐकवावेत काय? अशा ठिकाणी समतोल हाच अन्याय ठरत नाही काय? या आक्षेपाला 'कोश भावना पाहत नाही' असे उत्तर देणे उर्मटपणाचे होईल. योग्य उत्तर वेगळे आहे. 'रझाकार' हा संबंधवाचक वर्ग सौम्य नाही. त्या संघटनेवरील लेखात तिने काय केले ते साधार सांगितलेले असेल, तर तिचे सदस्यत्व आणि नेतृत्व सांगणे ही पुरेशी कठोर गोष्ट आहे. १९४६ मध्ये अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांची हत्या कशी झाली, १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातील गोरटा गावात काय घडले, हे नेमकेपणाने सांगणारे एक वाक्य दहा विशेषणांपेक्षा अधिक काळ टिकते. विशेषण नाकारणे सोपे असते, कारण ते नाकारणाऱ्याला केवळ मत बदलावे लागते. गावाचे नाव आणि तारीख नाकारणाऱ्याला पुराव्याशी झगडावे लागते. पीडिताच्या बाजूने उभे राहण्याचा कोशकाराला उपलब्ध असलेला मार्ग नेमकेपणाचा आहे.

५

तथापि येथेच थांबता येत नाही. संबंधवाचक वर्गांची व्यवस्था कितीही निर्दोष केली तरी तीत एक उणीव राहते, आणि मराठवाड्याच्या बाबतीत ती फार मोठी आहे. वर्ग फक्त त्यांचाच होतो ज्यांच्यावर नोंद असते. नोंद त्यांच्यावरच होते ज्यांच्याविषयी कोणी काही लिहून ठेवले आहे.

लष्करी कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पंतप्रधान नेहरूंनी संस्थानात पाठवले. कारवाईच्या काळात आणि नंतर २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांबरोबर नांदेडचा समावेश केला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि त्या शहराचा उल्लेख अहवालात स्वतंत्रपणे येतो. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. अहवाल कित्येक दशके प्रकाशात आला नाही.

या माणसांचा वर्ग कोणता? ती हुतात्मे नाहीत, कारण कोणत्याही कार्यासाठी ती मेलेली नाहीत. रझाकारांतील काही त्यांत असतील, परंतु मारले गेलेले सगळे रझाकार होते असे अहवाल सांगत नाही. त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. रझवीला मात्र वर्ग आहेत. त्याच्या नावाने वाद आहेत. त्याची नोंद अनेक भाषांत आहे. लातूरच्या ज्या सामान्य माणसांनी त्याच्या राजकारणाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली, त्यांना कप्पाच नाही. चुकीच्या वर्गात ठेवले जाण्याचा अन्याय दिसतो, म्हणून त्यावर वाद होतो. ज्यासाठी वर्गच नाही त्याच्यावरील अन्याय दिसत नाही, म्हणून त्यावर वादही होत नाही. वर्गीकरणाच्या नीतीचा विचार करणाऱ्याने आधी हा दुसरा अन्याय पाहावयास हवा. त्याचे परिमार्जन नव्या विशेषणाने होणार नाही. त्यासाठी घटनेवर स्वतंत्र लेख हवा, गावागणिक माहिती हवी आणि 'मुक्तिसंग्राम' या मोठ्या कप्प्याच्या शेजारी एक लहान कप्पा उघडण्याची तयारी हवी. मुक्तिसंग्रामाचे मोठेपण त्याने उणे होत नाही. ज्या लढ्याला स्वतःच्या न्याय्यतेची खात्री आहे त्याने आपल्या विजयानंतर काय घडले ते ऐकून घ्यावयास हरकत नसावी.

६

साहित्याच्या अभ्यासकाने या सर्व प्रकरणाकडे बाहेरचे म्हणून पाहू नये. त्याचा रोजचा व्यवसायही वर्ग देण्याचाच आहे. २०१३ मध्ये अमेरिकन लेखिका अमांडा फिलिपाची यांनी एक गोष्ट उजेडात आणली. इंग्रजी विकिपीडियावर 'अमेरिकन कादंबरीकार' या वर्गातून स्त्रियांची नावे काढून ती 'अमेरिकन स्त्री-कादंबरीकार' या उपवर्गात हलवली जात होती. पुरुषांसाठी तसा उपवर्ग नव्हता. ते केवळ 'कादंबरीकार' राहिले. मराठी समीक्षेला हा प्रकार ओळखीचा वाटावा. 'दलित कवी', 'ग्रामीण कथाकार', 'लेखिका', 'मराठवाड्यातील साहित्यिक' ही नामे ज्या सहजतेने वापरली जातात त्या सहजतेने 'पुण्यातील नागर कथाकार' हे नाम वापरले जात नाही. येथेही एक उपाधि जातीसारखी वागू लागते आणि दुसऱ्या उपाधीचा उच्चारच होत नाही. 'दलित साहित्य' हे नाम चळवळीने स्वतः उच्चारले तेव्हा ते एक विधान होते. समीक्षकाने ते सोयीचा कप्पा म्हणून वापरले की त्यातील क्रियापद गळून पडते.

बोर्हेसने १९४२ च्या एका निबंधात वर्णिलेला चिनी ज्ञानकोश आणि त्यातील प्राण्यांचे अजब वर्गीकरण साहित्यसिद्धान्ताच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. फुकोने १९६६ मधील आपल्या ग्रंथाचा प्रारंभ त्यावरील हास्याने केला. ते हास्य शक्य झाले याचे एक कारण असे की वर्गीकृत प्राण्यांना वारस नव्हते. नांदेड-लातूरच्या इतिहासातील माणसांना वारस आहेत, आणि ते वाचतात.

यातून कोशकारासाठी आणि समीक्षकासाठी एक साधी कसोटी निघते. वर्ग देणाऱ्याने त्या वर्गाचे पूर्ण वाक्य करून पाहावे : कर्ता, क्रियापद, काळ आणि आधार यांसह. 'हा १९४८ पर्यंत रझाकारांचा नेता होता' असे वाक्य होते. 'याने लातूरला वकिली केली' असेही होते. 'हा देशद्रोही होता' याचे वाक्य करू गेल्यास लगेच विचारावे लागते : कोणत्या देशाचा, कोणत्या तारखेला, कोणाच्या मते? त्या प्रश्नांची उत्तरे लेखात द्यावीत. ती उत्तरे देण्याचा कंटाळा म्हणून वर्ग वापरू नये. ज्या वर्गाचे वाक्य होत नाही तो काढून टाकावा, आणि ज्या वाक्याला अद्याप वर्ग नाही ते वाक्य आधी लिहावे. स्वयंसेवी कोशातील संपादकांचे वाद कितीही त्रासदायक वाटले तरी ते प्रत्येक वर्गाला पुन्हा वाक्यात उतरण्यास भाग पाडतात. कोणी काय म्हटले, कधी म्हटले, कशाच्या आधारावर म्हटले, याची नोंद चर्चेच्या पानावर राहते. वर्गाने पुसलेला बोलणारा तेथे पुन्हा दिसू लागतो. छापील कोशात नोंदीखालचे लेखकाचे नाव हेच काम करीत असे.